रोजचे दोनशे अठ्ठ्याऐंशी श्रोते

एका दिवसात पाच मिनिटं दोनशे अठ्ठ्याऐंशी वेळा येतात. हे कोणी शाळेत शिकवत नाही, पण माझ्या कामात हा आकडा मला घरच्या पत्त्यासारखा पाठ आहे. ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या होस्टिंग कंपनीत मी चौदा वर्षं बसतेय. लोकांच्या वेबसाइटी ज्या मशीनवर चालतात ती मशीनं, म्हणजे सर्व्हर, आमच्याकडे ठेवलेली असतात. आतल्या खोलीत त्यांची कपाटं, एसीचा आवाज. बाहेर माझं टेबल आणि दोन स्क्रीन. कोणत्या सर्व्हरवरून किती डेटा गेला-आला यावर लक्ष ठेवणं हे माझं काम. आमचं एक मशीन दर पाच मिनिटांनी प्रत्येक सर्व्हरच्या तारेवरचा आकडा वाचतं आणि आलेखावर एक ठिपका ठेवतं. दिवसाचे ठिपके दोनशे अठ्ठ्याऐंशी.

मी आले ती फोन घ्यायला. आलेख बघायचं काम कोणालाच नको होतं, म्हणून माझ्याकडे आलं. कोपरीहून रिक्षाने येता येतं, संध्याकाळी सातला घरी कुकर लावता येतो, मला तेवढं पुरत होतं. हळूहळू कळायला लागलं. आता मला नाव झाकून नुसता आलेख दाखवला तरी गिऱ्हाईक कोण ते सांगता येतं. टिटवाळ्याच्या एका लॉजवाल्याची साइट अंगारकीच्या आदल्या दिवशी उसळते. एक बौद्ध वधू-वर मंडळ आहे, त्याची रेघ रविवारी दुपारी जेवणं आटपली की चढते आणि पाचच्या चहाला उतरते. माणसं झोपतात, जेवतात, कंटाळतात, म्हणून त्यांची रेघ कधी सरळ नसते. सरळ रेघ दिसली की समजायचं, पलीकडे मशीन आहे. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिल्याच दिवशी सांगते. आणि हीच गोष्ट मी स्वतः अकरा महिने विसरले.

बाई आमच्याकडे पहिल्यांदा आल्या त्या तक्रार घेऊन. डोंबिवली पूर्वेच्या एका आगरी गावातल्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या. एका शिक्षण संस्थेने आमच्याकडे ठेवलेला आपला एक रिकामा सर्व्हर त्यांना वापरायला दिला होता. त्यावर त्यांनी धवल्यांची साइट केली होती. धवले म्हणजे आगरी लग्नातली गाणी. ती म्हणणारी धवलारीण. पूर्वी तिच्याशिवाय त्यांच्यात लग्न लागत नसे, भटजी नंतरचा. देवांना आवतण देण्यापासून मुलगी घराबाहेर पडेपर्यंत प्रत्येक पायरीचं वेगळं गाणं, आणि ते क्रमानेच म्हणायचं. अख्खा क्रम तोंडपाठ असलेली एकच म्हातारी त्यांच्या गावात उरली होती. बाईंची लांबची मावशी. बाई तिची गाणी मोबाइलवर टेप करून साइटवर चढवत होत्या.

"साइट उघडते, पण गाणं वाजत नाही," बाई म्हणाल्या. "आणि तुमचा मुलगा फोनवर सांगतो, सगळं ओके आहे."

आमचा फोनवरचा मुलगा खोटं बोलत नव्हता. आमचं तपासणी मशीन दर पाच मिनिटांनी प्रत्येक साइटचं पहिलं पान उघडून बघतं. पान उघडलं की हिरवा दिवा. बाईंचं पान उघडत होतं, गाण्यांचा फोल्डर मात्र अडकला होता. मी तो सोडवून घेतला. मग म्हटलं, पुन्हा असं झालं तर या बाई डोंबिवलीहून हेलपाटा घालणार. म्हणून मी त्यांच्या साइटपुरती तपासणी बदलली. नुसतं पान उघडून थांबायचं नाही, पहिलं गाणं पूर्ण उतरवून घ्यायचं, अगदी शेवटपर्यंत. गाणं आलं तरच हिरवा दिवा. पाच मिनिटांचं काम. स्वतःवर खूश होऊन मी डबा उघडला. त्या दिवशी डब्यात शेपूची भाजी होती, हेही आठवतंय.

महिन्याने बाई पुन्हा आल्या. तक्रार नव्हती, पिशवीत केळी होती.

"मॅडम, तुम्ही दर महिन्याला तो रिपोर्ट मेल करता ना, हिरव्या पट्टीचा? त्याचा रंगीत प्रिंट देता का? आमच्याकडच्या झेरॉक्सवाल्याकडे सगळं काळं येतं."

"प्रिंट कशाला हवा?"

मग त्यांनी सांगितलं. धवला असा बसल्या बसल्या म्हणत नाहीत. मांडव लागतो, माणसं लागतात. रिकाम्या मांडवात धवला म्हटला तर नवरा-नवरीला बाधतो, असं मावशी मानते. बाई टेप करायला मोबाइल पुढे धरत, तर मावशी विचारी, लग्न कोणाचं? आणि ऐकायला कोण? दोन-तीन गाण्यांनंतर तिने तोंडच मिटलं होतं. तेवढ्यात आमचा रिपोर्ट बाईंना आला, साइटवरून महिनाभर किती डेटा गेला त्याच्या आलेखाचा. आधीच्या महिन्यांत काहीच नसायचं, या महिन्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवी पट्टी. बाईंनी ती मोबाइलवर मावशीला दाखवली. बघ, एवढी माणसं ऐकतायत, दिवसरात्र.

"काय म्हणाल्या मग?"

"म्हणाली, बसलेत सगले. कोन उठला नाय." बाई हसल्या. "पहिल्यापासून पुन्हा सुरू करून पाच गाणी म्हटली एका दमात. पण तिला मोबाइलवर नीट दिसत नाही. मोठा कागद हवा. दर महिन्याला नवा हवा, म्हणते. मागच्या महिन्याची माणसं या महिन्यात असतीलच कशावरून?"

मी प्रिंट काढून दिला. केळी ऑफिसात वाटली.

त्यानंतर बाई दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येत. मी प्रिंट काढून ठेवलेला असे. त्या तो गुंडाळी करून नेत, आणि त्या कागदावर मावशी पाच गाणी म्हणे. पाचच, कारण त्याहून जास्त तिला दम पुरत नसे. एकूण चौसष्ट गाणी, असा बाईंचा हिशेब. किती झाली, किती राहिली हे मला दर महिन्याला कळे. देवांना आवतण झालं. हळद झाली. मांडवाच्या मेढी रोवून झाल्या. नवरा वेशीवर आला. मला त्यात गोडी होती असं नाही. समोरच्या बिल्डिंगचा कितवा स्लॅब पडला हे जसं आपोआप कळतं, तसं कळत होतं.

साइटवर किती जण येतात हे मोजायची वेगळी सोय नव्हती. साइट बाईंच्या भाच्याने बनवून दिली होती आणि भाचा परदेशी गेला होता. बाईंकडे होता तो आमचा रिपोर्ट, आणि त्याखाली माझं नाव. रिपोर्ट मशीन आपोआप काढतं, नावही आपोआप पडतं. शंभरावर गिऱ्हाइकांचे रिपोर्ट जातात, मी फक्त लाल झालेले उघडून बघते. बाईंचा कधी लाल झाला नाही. प्रिंट मी स्वतःच्या हाताने काढत होते, पण कागद सरळ आलाय ना, शाई पसरली नाही ना, एवढंच बघत होते. पट्टी कशी आहे ते दहा महिने बघितलं नाही.

अकराव्या महिन्यात बाई आल्या, खुर्चीत बसल्या आणि त्यांनी वही उघडली. गणिताची बाई.

"मॅडम, एक गंमत सांगते. मी गणित मांडलं. महिन्याचा एकूण डेटा घेतला, एका गाण्याच्या आकाराने भागला. पहिल्या गाण्याचा आकार धरला, कारण माणूस पहिल्यापासूनच सुरू करणार. मग दिवसांनी भागलं. तर दर महिन्याला उत्तर तेच. पॉइंटनंतरचं सोडा. रोज दोनशे अठ्ठ्याऐंशी वेळा गाणं ऐकलं जातं. मी मावशीला म्हटलं, तुझी माणसं माझ्या वर्गापेक्षा शिस्तीची आहेत. एक दिवस खाडा नाही!"

मी म्हटलं, "चहा घेणार?"

आमच्याकडे चहा चारला येतो. तेव्हा साडेबारा वाजले होते.

"नको, जाते. आज संध्याकाळी बसवायचंय तिला. नवरी बोहल्यावर उभी आहे, आता थांबून चालणार नाही." त्या उठल्या. "चौदा राहिलीत. आज पाच, मग नऊ. अजून दोन बैठका झाल्या की संपलं."

प्रिंट टेबलावर तयार होता. मी तो उचलला आणि त्यांना दिला. मागचे दहा मी नकळत दिले होते. हा अकरावा मी कळून दिला.

त्या गेल्यावर मी आलेख उघडला. पट्टी सपाट होती. पहाटे तीनला जेवढी, दुपारी तीनला तेवढीच. गणपतीत तेवढीच, परीक्षांत तेवढीच. मधे एकदा तासभर आमचं तपासणी मशीन दुरुस्तीला बंद होतं, तेवढा तास पट्टीतही खड्डा होता. याहून जास्त पुरावा लागत नाही, तरी मी सर्व्हरची नोंदवही काढली, इंटरनेटच्या कोणत्या पत्त्यावरून कोण आलं ती. आमच्या ऑफिसचा पत्ता, पाच मिनिटांनी पुन्हा आमचाच, पुन्हा आमचाच. आमच्या मशीनने अकरा महिने देवांना रोज दोनशे अठ्ठ्याऐंशी वेळा आवतण दिलं होतं. तारेवरचा काउंटर आलेला-गेलेला डेटा मोजतो, कोणी नेला ते विचारत नाही. आपली तपासणी वजा करायची हा नियम आमच्याकडे नव्हताच, कारण एक पान उघडण्याचा डेटा नगण्य असतो. गाणं नगण्य नव्हतं.

आमचा पत्ता वजा केल्यावर काय उरलं तेही बघितलं. सर्च इंजिनांची मशीनं, गल्लोगल्ली हिंडून याद्या करणारी. बाई स्वतः, डोंबिवलीहून, नवं गाणं चढवलं की एकदा. आणि कोणीतरी एकजण, फेब्रुवारीत, अर्ध्या मिनिटात परत गेलेला.

मी त्याच दुपारी तपासणी बदलली. गाणं पूर्ण न उतरवता फक्त आहे ना एवढंच बघायचं, असं केलं. पट्टी संपली. आलेखावर तिथे भिंतीसारखा कडा दिसतो. मालकांना सांगितलं, कारण चुकीचे रिपोर्ट गेले होते. मालक माझ्याहून दहा वर्षांनी लहान, भले गृहस्थ आहेत.

"अहो मॅडम, चालू द्यायचं ना! म्हातारी खूश, टीचर खूश. अपना क्या जाता है?"

"खाली नाव माझं जातं."

"नाव तर सॉफ्टवेअर टाकतं."

"माझंच टाकतं ना?"

"तुम्हाला ना मॅडम, पोलिसात घ्यायला पाहिजे होतं," म्हणाले आणि आत गेले.

त्यांचं म्हणणं मी नंतर पुष्कळदा मनात घोळवलं. दोन प्रिंट, एवढंच करायचं होतं. अकरावा दिला तसे आणखी दोन. तेव्हा मला वाटलं, चूक दिसली की दुरुस्त करावी, उरलेल्या दोन बैठका बाई कशाही जमवतील. त्या कशा जमवतील याचा विचार मी केला नाही.

पुढच्या महिन्यात बाई आल्या तेव्हा मी प्रिंट काढला नव्हता. स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

"हे काय? बंद पडलं का?"

"नाही. चालू आहे."

"मग माणसं कुठे गेली?"

मी सांगितलं. हातचं न राखता, पण सोप्या शब्दांत. तपासणी काय असते, मी ती का बदलली, आणि पाच मिनिटं दिवसात किती वेळा येतात. शेवटचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत त्यांनी मनातल्या मनात गुणाकार केला होता. चोवीस गुणिले बारा. चेहऱ्यावरून दिसलं.

"म्हणजे मी अकरा महिने मावशीशी खोटं बोलले."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"तुम्हाला होतं?"

"शेवटच्या वेळी होतं."

त्यांनी वही बंद केली, पेनाला टोपण लावलं. मला वाटलं आता बोलतील, आणि बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "एक महिना द्या. मी माणसं आणते. खरी."

त्यांनी प्रयत्न केला, त्यात कसूर नाही. गावच्या ग्रुपवर लिंक टाकली, माजी विद्यार्थ्यांच्या, रिटायर शिक्षकांच्या, महिला मंडळाच्या, जिमखान्याच्या. समाजाच्या एका मोठ्या ग्रुपवर त्रेसष्ट जणांनी हात जोडले, 'अभिमान आहे' असं पुष्कळांनी लिहिलं. बाई मला स्क्रीनशॉट पाठवायच्या आणि विचारायच्या, काही हललं का? मी आलेख उघडायची. त्या त्रेसष्टांच्या दिवशी दोघांनी साइट उघडली होती. गाण्यावर एकानेच बोट ठेवलं आणि वीस सेकंदांत काढलं. हात जोडायला डेटा फार लागत नाही.

मीही माझ्या बहिणीला, दोन जावांना, सोसायटीतल्या बायकांना लिंक पाठवली. बहिणीचा फोन आला, "अगं, आवाज क्लिअर नाही. आणि कळत पण नाही काय म्हणते ते. त्याच्यापेक्षा नव्या गाण्याची चाल कशी मस्त आहे, हळदीला लावतात ती." मी विचारलं, किती ऐकलंस? म्हणाली, "उघडलं गं, मग दूधवाला आला."

गावात लग्नं होत नव्हती असं नाही. त्या मे महिन्यातच मावशीच्या चुलत नातवाचं झालं. धवलारीण म्हणून तिला खुर्चीत बसवलं, पुढे कॅमेरा, दहा मिनिटं म्हणायला लावलं. मग डीजे सुरू झाला आणि कोणीतरी तिला उचलून आत नेलं, आवाजाने छातीत धडधडतं म्हणून. हे बाईंनी सांगितलं. त्या दहा मिनिटांत तिने जे म्हटलं ते आधी टेप झालेलंच होतं.

महिना संपला. बाईंचा फोन आला. "चला माझ्याबरोबर. तिला तुम्हीच सांगा. मला नाही जमणार. आणि खोटं मी आता बोलणार नाही."

शनिवारी अर्धा दिवस असतो. डोंबिवली स्टेशनवरून आम्ही रिक्षा केली. मावशीचं घर दोन टॉवरच्या मधे, कौलं काढून स्लॅब टाकलेलं, अंगणात तुळस आणि कोणाच्या तरी तीन गाड्या. म्हातारी ओटीवर बसली होती. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्याने काळा चष्मा, लुगडं आखूड नेसलेलं, हातात मिसरीची डबी. मागच्या भिंतीला आमचे प्रिंट एकाखाली एक चिकटवलेले होते, अकराच्या अकरा. भिंतीवर ती पट्टी पहिल्यांदा मला नीट दिसली. एवढी सपाट की लहान मुलाने पट्टी धरून रंगवावी.

"हीच क गो ती मशीनवाली?" म्हातारीने बाईंना विचारलं. मग मला, "बस गो बाय. चाय पितंस?"

चहा आला. मी कप खाली ठेवून सांगितलं. म्हटलं, मावशी, त्या कागदावरची माणसं खरी नव्हती. आमचंच मशीन तुमचं गाणं पुन्हा पुन्हा वाजतं का ते बघत होतं. चूक माझी, या बाईंची नाही.

तिने मिसरीचं बोट दातांवरून एकदा फिरवलं.

"मंग ते बसलेले सगले?"

"कोणी नव्हतं."

"एक पन नाय?"

"नाही."

"आनि मशीन कनाला आयकतंय? त्याचा लगीन लावाचाय क?" ती हसली. तिच्या सुनेलाही हसू आलं, तिने तोंडाला पदर लावला. मलाही येणार होतं.

मग बाई बोलल्या. मावशीच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मावशे, नऊच राहिलीत. पाठवणीची. आम्ही दोघी आहोत ना बसलेल्या? आम्हाला म्हणून दाखव."

म्हातारीने चष्मा माझ्याकडे वळवला. "तू आयकलंस क गो माझे धवले? तुना आवरला क?" ऐकलंस का, आवडलं का.

बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना काय हवं होतं ते त्यांच्या डोळ्यांत सरळ लिहिलेलं होतं. खोटं बोलणार नाही असं त्यांनी म्हटलं होतं. मी बोलू नये असं नव्हतं म्हटलं.

अकरा महिने त्या गाण्यांवर लक्ष ठेवणारी मीच होते. किती डेटाची, कधी गेली, किती वेळात उतरली, सगळं माझ्याकडे होतं. त्यातलं एकही मी ऐकलं नव्हतं. आणि तोंडाला जे सवयीने येतं तेच आलं.

"नाही ऐकलं," मी म्हटलं.

"मंग?" म्हातारी बाईंना म्हणाली. "तुना तं पाठ हायत. तू आयकनारी नाय, तू लिवनारी. आनि हिने आयकला नाय. मी रिकामे मांडवान धवला बोलू? मी येरी हाय क?"

वेडी आहे का मी, असं विचारलं तरी रागावली नव्हती. निघताना सुनेला सांगून तिने मला पिशवीभर कडवे वाल दिले. ओटीवरून उतरताना मागून म्हणाली, "ते कागद काराचे नाय हां. भित चांगली दिसते." कागद काढू नका, भिंत चांगली दिसते.

रिक्षात बाई बाहेर बघत होत्या. एमआयडीसीचा वास येत होता, मी नाकाला रुमाल लावला. स्टेशन आल्यावर त्या म्हणाल्या, "हो म्हणायला काय झालं होतं हो तुम्हाला?"

ते आजही मला नीट सांगता येणार नाही. एखादी वेळ असते, खरं बोलायची सवय असलेल्या माणसाने तोंड बंद ठेवायची. ती ओळखायला मी कधी शिकले नाही.

बाई त्यानंतरही चार-पाचदा मावशीकडे जाऊन बसल्या. ती गप्पा मारी, शिव्या देई, पोरांच्या तक्रारी सांगे. धवला म्हटला नाही. दिवाळीआधी न्यूमोनिया झाला, कळव्याच्या हॉस्पिटलात आठ दिवस होती, तिथेच गेली. बाईंनी फोनवर एवढंच सांगितलं, "नऊ तिच्याबरोबर गेली." मी म्हटलं, बाकीची पंचावन्न तर आहेत. त्या म्हणाल्या, "नवरी दारात उभी आहे मॅडम. तिला आता कोण बाहेर काढणार?"

त्यानंतर मी ती गाणी ऐकली. पश्चात्ताप म्हणून नाही. आमच्या कंपनीचे सर्व्हर आता दुसऱ्या मोठ्या जागी हलवायचे आहेत, प्रत्येक साइट उघडून तपासायचं काम माझ्याकडेच आलं, आणि या वेळी ठरवलं की तपासायचं तर पूर्ण. डब्याच्या वेळात, कानाला हेडफोन लावून, दिवसाला दोन. अर्धे शब्द कळत नाहीत. आवाज मोबाइलवरचा, मागे कुकरच्या शिट्ट्या, गाड्यांचे हॉर्न. गळा चांगला होता असं म्हणता येणार नाही. पण ती कुठे घाई करत नाही.

बाईंनी टेप कापलेली नाही. त्यामुळे प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला म्हातारीचा प्रश्न ऐकू येतो, "बसलंत क सगले?" आणि बाईंचं उत्तर, वर्गात हजेरी घेतल्यासारखं, "हो मावशे, सगळे बसलेत." अकराव्या बैठकीत, मी कळून दिलेल्या कागदावर, बाई म्हणतात, "दोनशे अठ्ठ्याऐंशी आहेत मावशे, मी मोजलेत." मग म्हातारी खाकरते आणि सुरू करते. पंचावन्नावं गाणं संपल्यावर तिचा आवाज येतो, "फुडचा फुडचे महिन्यान." आणि टेप बंद.

मी ऐकते तेव्हा आलेखावर दुपारी दीडला दोन बारीक दात उमटतात. बाकी दिवसभर रेघ तळाला.

हलवाहलवीसाठी एक फॉर्म आहे. प्रत्येक साइटपुढे मागच्या महिन्याचा वापर भरायचा. ज्यांचा वापर नाही त्या नव्या जागी न्यायच्या नाहीत, सर्व्हर ज्याचा त्याला कळवून बंद करायच्या. शिक्षण संस्थेला मी तीनदा मेल केला, उत्तर नाही. बाईंना सगळी गाणी पेन ड्राइव्हवर घालून देते म्हटलं. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे आहेतच हो. मी ऐकून काय करू?" तरी मी पेन ड्राइव्ह भरला. तो माझ्या खणात आहे, रबरबँडच्या डबीत.

त्या चुकीनंतर आमच्याकडे एक नियम झाला, मीच करून घेतला. ऑफिसच्या पत्त्यावरून झालेला वापर मोजायचा नाही, तो वजा करायचा. काल त्या साइटची ओळ आली. महिन्याचा आकडा होता, रोजचे दोन दात. पत्ता बघितला, आमचाच होता. वजा केला आणि रकान्यात शून्य लिहिलं.